चौथी गाठ

४ नोव्हेंबर, सोमवार

काल दवाखान्यातून घरी आले. ही वही खरं तर घराची. गॅस कधी लावला, साबण किती दिवस पुरला, ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्या, ते हिच्यात असतं. मागची पानं कोरी होती म्हणून आजपासून स्वतःचं लिहिते. नवी वही कशाला? अक्षर वाकडं येतंय, कारण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही आणि कोपराखाली उशी घ्यावी लागते.

मंगळवारी ऑपरेशन झालं. उजव्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढली. शब्द लिहिताना हात अडला, पण मोठ्या डॉक्टरांनी तो ह्यांच्या देखत तीनदा उच्चारला, मग मी एकदा लिहायला काय हरकत आहे.

निघताना मोठे डॉक्टर म्हणाले, "काकू, मुख्य गाठ गेली. शिवाय काखेतल्या चार गाठी काढून तपासायला दिल्यात. रोग पसरायला निघाला की आधी तिथे मुक्काम करतो."

मी विचारलं, "किती म्हणालात?"

त्यांनी चार बोटं वर केली. "बरणीत टाकताना मी स्वतः मोजल्या."

मोजणारा माणूस मला आवडतो. बरं वाटलं.

घरी आल्यावर ह्यांनी धाकट्या वन्संना फोन लावला. यांना फोनवर चार शब्दांच्या वर बोलवत नाही. म्हणाले, "चार गाठी निघाल्या." झालं! पलीकडून जो हंबरडा फुटला तो मला स्वयंपाकघरात ऐकू आला. पाच मिनिटांत वन्सं दारात. शेजारच्या गल्लीतच राहतात.

"वहिनी, एकीच्या चार झाल्या हो!"

"अहो वन्सं, या त्या गाठी नव्हेत. काखेतल्या गाठी सगळ्यांनाच असतात. जन्मापासून."

"मला नाहीत!" वन्सं ताठ होऊन म्हणाल्या.

इतकी हसले की टाके ओढले. शब्दच एक, डॉक्टर तरी काय करणार. रोगाची ती गाठ आणि पहाऱ्यावर बसलेली तीही गाठच.

आणखी एक. काढलेलं मांस संशोधनाला द्यायची परवानगी मागत होते. मी सही केली. फॉर्म ह्यांनी भरला, माझा हात बांधलेला होता आणि चष्मा घरी. वन्संना ते पटलं नाही. म्हणाल्या, देवाने दिलेलं अंग असं परक्याला देतात का? मी म्हटलं, कापलेली नखं तुम्ही जपून ठेवता का?

१२ नोव्हेंबर, मंगळवार

अहवाल आला. "तीन गाठी तपासल्या. तिन्ही स्वच्छ."

मोठे डॉक्टर खूश. हे खुर्चीत एकदम सैल पडले. मी म्हटलं, "चौथी?"

"काय चौथी?"

"गाठ. तुम्ही चार पाठवल्यात. इथे तीन आहेत."

"काकू, तिन्ही स्वच्छ आहेत हे महत्त्वाचं नाही का? आता फक्त किरणांचा शेक आणि गोळ्या."

"तिन्ही स्वच्छ आहेत, छान आहे. पण चौथीचं काय ते यात लिहिलेलं नाही."

"मी अंदाजे म्हटलं असेन."

"तुम्ही बोटं दाखवलीत."

हे माझा पदर ओढत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाजारात बसल्यासारखी घासाघीस काय करतेस!" बाजारात एक नग कमी दिला तर हेच परत पाठवतात मला.

वन्संनी सगळ्या नात्यात कळवून टाकलं, "देवाने एक गाठ कमी केली!" तिघींचे फोन आले. एकजण म्हणाली, तुमची भक्ती फळाला आली. गाठ म्हटली की जितकी कमी तितकी चांगली, असंच सगळे धरून चाललेत. ती तपासायचीच राहिली असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

देवापुढे बसले पण मन लागेना. चाळीस वर्षं याच्यापुढे दिवा लावते आहे. तो कृपा करतो यावर माझा विश्वास आहे. पण त्याच्या राज्यात चाराचे तीन होत नाहीत. सूर्य एक दिवस उगवायचा राहिला, असं कधी झालंय? वजाबाकी चुकते ती माणसाची. त्याच्या नावावर खपवायची नाही.

देवाला स्पष्ट सांगितलं, तुझं नाव घेऊन लोक चूक झाकताहेत, मी गप्प बसणार नाही. तू रागावू नकोस.

वातींचं पाकीट संपत आलंय. पन्नास वाती, दिवसाला दोन, पंचवीस दिवस पुरायला हवं. मधले दवाखान्याचे दिवस दिवाच नव्हता, तरी अठरा दिवसांत सातच उरल्या. दुकानदाराला विचारायला हवं. काड्यापेटीही तशीच.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

तपासणीच्या डॉक्टरांना भेटले. तळमजल्यावर, बोळाच्या शेवटी त्यांची खोली, बाहेर उग्र वास. दोन तास बसवून ठेवलं. त्यांच्या नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा. हे आले नाहीत. म्हणाले, गुडघा दुखतो.

"टायपिंगची चूक नाही, बाई. आमच्याकडे तीनच आल्या. सर्जनना कधी चरबीचा गोळाही गाठ वाटतो."

"मग 'चरबीचा गोळा एक' असं लिहायला हवं होतं."

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, दोन्ही नाकावर एकदम झाले. मला हसू आलं, पण दाबलं.

मग जरा समजावून सांगायला लागले. गाठ मेणात बसवतात, बोटाच्या पेराएवढी ठोकळी होते. तिचे कागदाहून पातळ काप काढतात, रंग देतात आणि दुर्बिणीखाली बघतात.

"एका ठोकळीचे किती काप बघितलेत?"

"दोन. फार तर तीन."

"आणि बाकीची?"

"बाकीची मेणात राहते."

"म्हणजे वहीची दोन पानं बघून वर्षाचा हिशेब बरोबर म्हणायचं?"

त्यांचा चेहरा लाल झाला. "सगळी दुनिया असंच करते, बाई. सगळी ठोकळी कापायची तर एका पेशंटला महिना लागेल."

"बरं. मग माझ्या ठोकळ्या द्या."

"त्या एक्स-रे संशोधनाला गेल्यात. तुम्हीच सही केलीत." हात जोडून उभे राहिले. म्हणजे मी जावं.

मी गेले. पण पत्ता विचारून गेले.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज जे झालं ते लिहिताना पेन कागद फाडतंय.

एक्स-रेची इमारत दवाखान्याच्या मागे. बुटकी, खिडक्या नसलेली, भिंती हातभर जाड. आत गारठा. एका मुलीने दार उघडलं. पंचविशीची असेल, अंगात जाड स्वेटर, पेन केसात खोचलेलं. मी तिला मनात स्वेटरवाली म्हणते. मला बसायला तिने स्वतःची खुर्ची दिली आणि स्वतः खोक्यावर बसली.

मी म्हटलं, एक्स-रेत हाड दिसतं, मांसाचं काय दिसणार?

"बरोबर आहे, काकू. हाड किरणाला अडवतं म्हणून दिसतं. मांस अडवत नाही. पण त्यातून जाताना किरण अगदी केसभर वळतो. आमचं यंत्र ते वळण पकडतं."

"पाण्याच्या पेल्यात चमचा वाकडा दिसतो, तसं?"

ती बघतच राहिली. "आमच्या सरांना हे सांगायला अर्धा तास लागतो!"

मॅट्रिकला प्रकाशाचा धडा होता. मला त्यात चांगले गुण होते, हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

ठोकळी हळूहळू फिरते, हजारो चित्रं निघतात आणि ती रचून अख्खी गाठ आतून बघता येते. सुरी नाही, रंग नाही. रोग मूळ जागेवरून निघून कोणत्या वाटेने जातो आणि गाठीत कुठल्या कोपऱ्यात शिरतो, ते बघायचं हे त्यांचं काम. स्वच्छ ठरलेल्या गाठी ते मुद्दाम मागवतात, सुरीतून काय निसटतं ते कळायला.

मी म्हटलं, "मग माझ्या बघितल्या का?"

तिने कपाटातून फॉर्म काढला आणि तिचा चेहरा उतरला. "काकू, तुमच्या यादीत आहेत. पण काही सापडलं तरी मी कुणाला सांगू शकत नाही. तुम्ही 'निष्कर्ष मला कळवू नयेत' या चौकोनात खूण केलीय."

मी चष्मा लावला. खाली सही माझी, डाव्या हाताची, गांडुळासारखी. वरची खूण ह्यांची. यांनी जन्मभर नकाशे काढले, यांची बरोबरची खूणही कोनमापक लावून काढल्यासारखी असते. हजार खुणांत ओळखेन.

घरी येऊन फॉर्मची नक्कल यांच्यापुढे आपटली.

"हे काय आहे?"

त्यांनी कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाले, "मला वाटलं, एकदा झालं ते झालं. पुन्हा कुणी उकरून सांगायला नको."

"अंग कुणाचं?"

"तुझं."

"मग चौकोन कुणाचा?"

उठून गॅलरीत गेले. बायकोच्या जिवापेक्षा यांना स्वतःची शांतता मोठी! सगळा जन्म असाच गेला. वर्तमानपत्रातसुद्धा वाईट बातमी आली की पान उलटतात.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस बोलले नाही. हे ताटात निम्मं टाकतात. अन्न वाया जातं. पोट बिघडलं असावं, ओवा देऊन ठेवला टेबलावर. न बोलता.

नवं वातींचं पाकीटही तसंच. यांना देवाधर्माचं वावडं, त्यामुळे घरात दिवा लावणारी मी एकटी. दुकानदार शपथ घेतो की पन्नास असतात. आता स्वतः मोजून आणणार.

२ डिसेंबर, सोमवार

नवा फॉर्म भरला. मी, माझ्या हाताने, चष्मा लावून. 'कळवावेत' या चौकोनात एवढी मोठी खूण केली की ती बाजूच्या रकान्यात गेली. शेवटी 'इतर काही सूचना' असा रकाना होता. तो लोक कोरा सोडतात म्हणे. मी लिहिलं, "सर्जनने चार पाठवल्या. अहवालात तीन. कृपया मोजून बघाव्या."

स्वेटरवाली म्हणाली, "मोजायचं आम्हाला कुणी सांगत नाही, काकू."

"आता सांगितलं."

हे फाटकापर्यंत सोबत आले, आत आले नाहीत. अडीच तास बाहेर उभे. गुडघा दुखतो ना, मग बाकावर बसायचं की!

५ डिसेंबर, गुरुवार

तिने माझी ठोकळी यंत्रात लावताना बघू दिलं, जाड काचेतून. इतकीशी ठोकळी खुंटीवर गोल फिरत होती. तिच्याकडे बघून मला माझं काहीतरी आहे असं वाटेना. मग एकदम वाटलं, आणि डोळे भरून आले. मी नाक शिंकरलं आणि म्हटलं, थंडी फार आहे तुमच्याकडे.

काय निघालं ते ती सांगणार नाही. नियमाप्रमाणे मोठ्या डॉक्टरांकडूनच कळेल. नियम पाळते हे चांगलं. उद्या कुणाच्या तरी घरी नांदेल नीट, असं म्हणणार होते, पण गिळलं.

१७ डिसेंबर, मंगळवार

बोलावणं आलं. मोठे डॉक्टर, चष्मेवाले डॉक्टर आणि स्वेटरवाली, तिघं एका खोलीत. तिघं म्हटल्यावर हे दारातच थबकले. मी हात धरून आत आणलं.

पडद्यावर करडं चित्र होतं. स्वेटरवालीने दाखवलं. तिसऱ्या ठोकळीत घेवड्याच्या दाण्याएवढी गाठ. ती चित्रं एकेक करून मागे सरकवत गेली, पानं उलटावीत तशी. पहिल्या दाण्याच्या मागून दुसरा दाणा उगवला. लहान, पुढच्याला चिकटलेला, चरबीत लपेटलेला.

"मेणात बसवताना दोन्ही एक समजून बसवल्या गेल्या," चष्मेवाले म्हणाले. "सुरी पुढच्या गाठीतूनच गेली. मागची तशीच राहिली."

"चार," मी म्हटलं.

"चार," मोठे डॉक्टर म्हणाले.

मग स्वेटरवालीने मागच्या दाण्याच्या काठाशी बोट नेलं. तिथे तिळाएवढा डाग. चष्मेवाल्यांनी बरोबर त्याच जागी सुरी लावून काप काढला होता, रंग देऊन बघितला होता. रोगच आहे. तीन मिलिमीटर.

खरं ते लिहिते, या वहीत कधी खोटं लिहिलं नाही. मला आधी आनंद झाला. चार होत्या! मी वेडी नव्हते! हे दोन-तीन श्वास टिकलं. मग तो तीळ माझ्याच अंगातला आहे हे ध्यानात आलं.

चष्मेवाले उठून उभे राहिले. दोन्ही चष्मे काढले. "बाई, मी तुम्हाला हाकललं होतं."

"हो," मी म्हटलं. नाही कशाला म्हणू?

"आता बरणीबरोबर सर्जनचा आकडा लेखी येतो. जुळला नाही तर मी अहवाल सोडत नाही."

"ते आधीच करायचं," मी म्हटलं. मोठ्या डॉक्टरांनी खाली बघितलं.

हे बाहेर आल्यावर नळाशी तोंड धूत बसले, किती वेळ. सर्दी झाली असणार, त्या दिवशी फाटकात उभे राहून.

१८ डिसेंबर, बुधवार

वन्सं आल्या, बसल्याही नाहीत.

"देवाने झाकून ठेवलं होतं, वहिनी. तुम्ही उकरून काढलंत. आता भोगा!"

"देवाने झाकलं नव्हतं, वन्सं. मेणाने झाकलं होतं."

"तुमचं आपलं काहीतरीच. नसती दिसली तर नसती झाली."

"माझ्या अंगात होती ती. डोळे मिटले म्हणून पाहुणा घरातून जातो का?"

त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, "केस जातात त्यात. उलट्या होतात. आमच्या समोरच्या घरातल्या बाईला ओळखू येत नव्हतं." तेव्हा कळलं, राग माझ्यावर नव्हता. पाणी दिलं. अर्ध्या तासाने त्याच म्हणाल्या, डबा मी पाठवीन, तिखट न घालता. मी म्हटलं, मीठ तरी घाला.

२३ डिसेंबर, सोमवार

मोठ्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. वय बासष्ट, डाग लहान. शेक आणि गोळ्यांवर राहिलात तरी काहीजणींना पुरतं. किंवा सहा वेळा केमो, मग शेक. त्रास होईल, पण परत येण्याची भीती कमी होईल. "विचार करून सांगा. घाई नाही."

"घाई आहे," मी म्हटलं. "दोन महिने ती माझ्या नकळत बसली होती. सहाच्या सहा घेणार."

हे एकदम म्हणाले, "मी विचारू का?" आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो. दवाखान्यात पहिल्यांदा तोंड उघडलं यांनी. "सहा पुरतील ना? सात घेतले तर?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "सहा पुरतील, काका."

मला शरमल्यासारखं झालं. औषध काय घाऊक आहे, जास्त मागायला!

रात्रीच्या प्रार्थनेत माझ्यावरच का, असं विचारलं नाही. शेजारणीवर का नाही, असा त्याचा अर्थ होतो. एवढंच म्हटलं, तू पाठीशी राहा, पुढे मी बघते.

६ जानेवारी, सोमवार

आज पहिला केमो. अकराची वेळ.

पहाटे उठून न्हाले. डोक्याला तेल लावलं. तीन आठवड्यांत केस जातील म्हणतात. बऱ्याचजणी आधीच काढून टाकतात. वन्संनीही कात्री आणून ठेवली होती, मी परत पाठवली. अजून माझ्या डोक्यावर आहेत तोवर माझे आहेत. जायचं तर विंचरून, वेणी घालून जातील. विस्कटलेले, घाबरलेले जाणार नाहीत.

पण हात वर जाईना. दोनदा प्रयत्न केला, काखेत कळ आली. हे दारात उभे होते.

"मी घालू?"

"तुम्हाला येते?"

"तीन पेड. एकावर एक."

स्टुलावर बसले, हे मागे उभे राहिले. एकेचाळीस वर्षांत यांनी माझ्या केसांना असा हात लावला नव्हता. पेड ओढत होते, सुटत होते, पुन्हा पहिल्यापासून. मानेवर दोन थेंब पडले. मी म्हटलं, केस नीट पुसले नाहीत वाटतं मी. फणी तर दोनदा खाली पडली.

"चहा घेतला नाही का तुम्ही?"

"घेतो."

"मग घ्या. मला उशीर करू नका. यंत्राच्या, सुयांच्या, सगळ्यांच्या आधी आज मी पोचणार आहे."

वेणी एका अंगाला गेली, वर सैल आणि खाली करकचून. सोडून पुन्हा घालतो म्हणाले.

"राहू द्या," मी म्हटलं. "अशीच जाते."